काचेचा मधला भाग

अणू दिसत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण शारजातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारणींपासून इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचा समज असा की, मी इतकी वर्षं विद्यापीठात कसल्यातरी भल्यामोठ्या भिंगाला डोळा लावून बसायचे. आमच्या यंत्राला डोळा लावायची जागाच नव्हती. त्यात एक सुई होती.

ही सुई टोकाला इतकी बारीक, की शेवटी मोजकेच अणू उरावेत. ती एखाद्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणायची आणि ओळीओळीने फिरवायची. अंधाऱ्या खोलीत आपण भिंतीवर हात फिरवत लाइटचं बटण शोधतो ना, तसंच. कुठे उंचवटा आला की सुई वर जाते, खड्डा आला की खाली. कॉम्प्युटर ते टिपतो, एकेक ओळ जोडत जातो आणि दहा मिनिटांनी पडद्यावर चित्र तयार होतं. ग्राफाइटवर अणूंच्या रांगा अशा उमटतात, की बघणारा नवा विद्यार्थी खुर्चीतून उठून उभा राहतो. मी दर वर्षी ते उभं राहणं बघायची.

मात्र मधल्या काळात कुणी दार आपटलं, लिफ्ट सुरू झाली, एसीचा झोत आला, की चित्राचा चिवडा. म्हणून माझं खरं काम शुक्रवारी चालायचं. विद्यापीठाला सुट्टी, इमारत रिकामी, लिफ्ट जागेवर उभी. एसी बंद करून मी एकटी घाम पुसत बसायची. जूनमध्येसुद्धा. नवरा म्हणायचा, "लोक शुक्रवारी मॉलला जातात, तू भट्टीत जातेस."

माझं पद होतं 'लॅब इंजिनिअर'. आजूबाजूला सगळे डॉक्टर, मी एकटी पुण्याची एमएस्सी. नाव उज्ज्वला. ते तिथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्या आठवड्यातच मी 'मिस उजाला' झाले ती निवृत्त होईपर्यंत.

एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. सुईचं टोक कधीकधी तुटतं आणि त्याची दोन टोकं होतात. मग प्रत्येक उंचवटा दोनदा चाचपला जातो आणि चित्रात सगळं जोडीजोडीने दिसतं. फार वर्षांपूर्वी एका जॉर्डनी विद्यार्थ्याला अशाच जोड्या दिसल्या. तो आनंदाने वेडा झाला. मला शंका आली होती. पण सुया संपत आल्या होत्या आणि परिषदेला जायचं त्याचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. मी गप्प बसले. परिषदेत भर सभेत एका बाईंनी त्याला विचारलं, "सुई बदलून पाहिलीत?" तो परत आला तेव्हा माझ्याशी नीट बोलला, रागावला नाही, पण पुढच्याच महिन्यात त्याने विषय बदलला. मला कुणीही काही म्हटलं नाही. यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. त्या वेळी विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आता मुख्य गोष्ट.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा डीननी बोलावलं. हे इजिप्तचे सद्गृहस्थ, अतिशय मृदू. वाईट बातमी सांगताना आधी चहा मागवायचे. चहा आला तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "मिस उजाला, तुमच्या यंत्रावर पैसे देणारा एकही प्रकल्प उरलेला नाही. सेमिस्टर संपलं की ते स्टोअरमध्ये जाईल. तुमच्यासाठी लायब्ररीत काहीतरी बघतो, इन्शाल्ला."

मी खाली येऊन यंत्रावरची धूळ पुसली. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात मरियम आली. काळा अबाया, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्यावर जड लॅपटॉप. इथलीच, अमिराती मुलगी, तिशीची. बिझनेस कॉलेजात नुकतीच असिस्टंट प्रोफेसर झालेली. मला वाटलं मजला चुकली.

"बिझनेस कॉलेज पलीकडच्या इमारतीत," मी म्हटलं.

"माहीत आहे. मी तिथूनच आले." ती खुर्ची ओढून बसली. "मिस उजाला, मी कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट वाचते. आम्ही निसर्गाची किती काळजी घेतो, पाणी किती वाचवतो, ते कंपन्या दर वर्षी छापतात ना, ते. त्यावर माझा रिसर्च आहे."

"मग इथे काय?"

"ते खरं आहे का हे तपासायला माझ्याकडे काय असतं? त्यांचेच आकडे. एकदा तरी मला त्यातलं एक वाक्य घेऊन त्या वस्तूला हात लावून बघायचंय."

तिने बॅगेतून एक डबी काढली. आत काचेचे सहा तुकडे, काडेपेटीएवढे.

वाक्य होतं हमरिया फ्री झोनमधल्या, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका कंपनीचं. ती कंपनी सोलर पॅनेलच्या काचेवर लावायचा लेप बनवत असे. लेप म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर. त्याच्यामुळे धूळ काचेला घट्ट धरत नाही. कंपनीने स्वतःच्याच कारखान्याच्या छपरावर अशी पॅनेल बसवली होती आणि रिपोर्टात लिहिलं होतं की, लेपामुळे पॅनेल धुण्याचं पाणी निम्म्यावर आलं. शारजात नळाला येणारं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं. तेव्हा दावा छोटा नव्हता. पॅनेलांच्या चौकटीवर कंपनीने लेप दिलेल्या काचेचे हे छोटे तुकडे नमुन्यासाठी क्लिपने अडकवून ठेवले होते, म्हणजे ऊन, वाळू, धुणं, सगळं त्यांनाही सारखंच. कंपनीने ते मरियमला आनंदाने काढून दिले होते.

मी पहिला तुकडा यंत्रात ठेवला. काच पूर्ण आत जाईना, कोपरा तेवढा सुईखाली नीट बसला. म्हणून कोपरा घेतला. चित्र उमटलं आणि मी खूश झाले. दुधावरच्या सायीसारखा सलग थर, कुठे भोक नाही, चीर नाही. वर्षभर वाळवंटात राहून!

मरियमने ते चित्र कंपनीला पाठवलं. दोन दिवसांत कंपनीचे मालक भाटियासाहेब स्वतः खजुराचा मोठा खोका घेऊन डीनच्या खोलीत हजर. साठीचे, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. "मॅडम, ये फोटो तो हम कव्हर पे छापेंगे! और आपकी लॅब को हम सपोर्ट करेंगे. तीन साल, पाँच साल, आप बोलिए." डीननी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत पहिली आले. "यल्ला, चला, मिस उजाला, हव्या त्या सामानाची यादी करा."

मी यादी केलीसुद्धा. ती अजून माझ्या वहीत आहे.

मग शुक्रवार आला. उरलेले तुकडे बघायचे म्हणून मी पहिला तुकडा डबीत ठेवताना खिडकीसमोर तिरका धरला. कोपऱ्यावर एक पुसट चौकोन दिसला. नखाएवढा. आत काच लखलखीत, बाहेर किंचित दुधट. मी दुसरा तुकडा धरला. तोच चौकोन, त्याच जागी. तिसरा. तोच.

क्लिप. तुकडा चौकटीला धरून ठेवणारी क्लिप बरोबर तिथे बसायची. मी चित्र काढलं होतं ते क्लिपखालच्या काचेचं. तिने ऊन पाहिलं नव्हतं, वाळू पाहिली नव्हती, तिच्यावरून ब्रश गेला नव्हता. कपाटात ठेवलेल्या साडीचा रंग टिकला म्हणून मी टाळ्या पिटल्या होत्या.

काच कापली. मधला भाग सुईखाली ठेवला, एसी बंद केला. ओळीमागून ओळ येऊ लागली. सायीचा पत्ता नव्हता. लेपाची बेटं तेवढी शिल्लक आणि त्यांच्यामधून लांबच लांब चरे, एकाच दिशेने, फणी फिरवल्यासारखे.

मी सुई बदलली. पुन्हा तेच. पुन्हा बदलली, दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. या वेळी सुया किती उरल्यात ते मी मोजलं नाही. दुपारपर्यंत सहाही तुकडे झाले, प्रत्येकाचा मधला भाग आणि कोपरा एकाच सुईने. सहाही मधून खरवडलेले, सहाही कोपऱ्यात निर्दोष.

घामाने ओढणी चिंब झाली होती. एसी लावायचंसुद्धा सुचेना. कुणालाच माहीत नव्हतं. चित्र पाठवलेलं होतं, लॅब वाचली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसायचा मला अनुभव होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. सुधीर आयुष्यभर जहाजांच्या विम्यात, सावध माणूस. म्हणाला, "तू खोटं काहीच बोललेली नाहीस. कोपऱ्याचं चित्र कोपऱ्याचंच आहे." मुलगी रेवा सोफ्यावर फोन बघत होती. इथेच वाढलेली, दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत शिकलेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. मान वर न करता म्हणाली, "आई, यू ऑलरेडी नो. जस्ट टेल देम."

सोमवारी सकाळी मरियमच्या खोलीत गेले. दोन्ही चित्रं टेबलावर ठेवली. "पहिलं चुकीच्या जागेचं आहे. चूक माझी."

तिने दोन्ही चित्रं जवळ ओढून शेजारीशेजारी लावली. तिचंही नुकसान होतंच. कंपनीनेच दारं बंद केली तर तिचा अभ्यास तिथेच संपणार. म्हणाली, "म्हणजे लेप खराब आहे?"

"तेच मला कळत नाहीये," मी म्हटलं. "लेप उन्हाने गेला असता तर सगळीकडून सारखा विरला असता. वाऱ्याची वाळू लागली असती तर टोचे पडले असते. हे चरे सरळ आहेत. कुणीतरी घासलंय. जोर लावून."

"मग घासणाऱ्याला विचारू या," मरियम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला आम्ही हमरियात त्या छपरावर होतो. दमट हवा, चष्म्यावर वाफ. पॅनेल धुणाऱ्या टोळीचा मुकादम नूर खान, पेशावरकडचा, पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. मी हिंदीत बोलले तसा तो मोकळा झाला, मला 'बाजी' म्हणजे ताई म्हणू लागला.

"बाजी, पहले रोज टँकर आता था. पिछले साल से ऊपर का हुकम आया, पानी आधा करो. आधे पानी में आधी प्लेट धुलती है. बाकी हम सूखा ब्रश मारते हैं."

त्याने ब्रश दाखवला. ताठ, काटेरी, फरशी घासायचा असतो तसला.

"इतना कडक?"

"क्या करें? सुबह ओस गिरती है, मिट्टी गीली होती है. धूप निकली के सिमेंट बन जाती है. फिर घिसो, घिसो."

मी मरियमला इंग्रजीत सांगितलं आणि सांगता सांगता दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. लेपामुळे पाणी निम्म्यावर आलंच नव्हतं. रिपोर्टात पाणी निम्म्यावर दिसायला हवं म्हणून टँकर निम्मे केले होते. टँकर निम्मे झाले म्हणून कोरडा ब्रश आला आणि कोरड्या ब्रशाने लेप खरवडून काढला. ज्या लेपाची फुशारकी मारायची, त्याचाच त्या फुशारकीने घास घेतला होता.

मरियमने वहीत दोन ओळी लिहिल्या, वही मिटली आणि म्हणाली, "मी चार वर्षं रिपोर्ट वाचतेय. हे कुठल्याच पानावर सापडलं नसतं."

आठवड्याने डीनच्या खोलीत बैठक झाली. भाटियासाहेब, त्यांचे प्लांट मॅनेजर, डीन, मरियम आणि मी. डीनना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. बैठकीला त्यांनी चहा मागवला होता, पण स्वतः प्यायले नव्हते.

मी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारीशेजारी लावली. कोपरा. मधला भाग. सहा तुकडे. आधी माझी चूक सांगितली आणि मग बाकीचं.

भाटियासाहेब लाल झाले. "मॅडम, आपकी सुई ने ही खरोंच दिया होगा!"

"सर, सुई तीच. दिवस तोच. तीच सुई कोपऱ्यावर फिरली, तिथे एक ओरखडा नाही." हे मी हिंदीतच म्हटलं, पण मनात मराठीत म्हटलं म्हणून मराठीत लिहिते.

"नई रिपोर्ट छपने जा रही है," भाटियासाहेब म्हणाले.

"म्हणूनच आज आलो," मरियम इंग्रजीत शांतपणे म्हणाली. मग तिने टँकरांबद्दल सांगितलं.

भाटियासाहेबांनी मान वळवली. "टँकर किसने कम किए?"

प्लांट मॅनेजर चाचरले. "सर, टार्गेट था... रिपोर्ट में फिफ्टी परसेंट लिखना था."

मला वाटलं, खलास. लॅबही गेली, मरियमचा अभ्यासही गेला.

भाटियासाहेब उठून पडद्याजवळ गेले. डाव्या चित्रावर, कोपऱ्याच्या त्या सलग सायीवर त्यांनी बोट ठेवलं. एकदम हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मैं केमिस्ट हूँ. ये लेप मैंने खुद बनाया है, अपने हाथ से, गराज में. एक बात सच बताइए. मेरा लेप अच्छा है?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. पण उत्तर समोरच होतं. "सर, जहाँ किसी ने घिसा नहीं, वहाँ एक साल में एक छेद नहीं. मैंने इतना अच्छा लेप नहीं देखा."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तो फिर बीच में भी टिकना चाहिए. रिपोर्ट रोक दो." प्लांट मॅनेजर काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "और उस सफाई वाले को यहाँ बुलाओ."

तासाभराने नूर खान आला, चपला दाराबाहेर काढून. भाटियासाहेबांनी त्याला खुर्ची दिली. तो टोकावर बसला. त्याला विचारलं, तू काय केलं असतंस? तो लगेच म्हणाला, जणू वर्षभर कुणीतरी विचारायची वाट बघत होता: "साहब, ओस तो अल्ला का पानी है, मुफ्त का. धूप से पहले, जब प्लेट गीली है, तभी नरम कपडा फेर दो. सिमेंट बनने ही मत दो. बस हमारी शिफ्ट जल्दी कर दो और ब्रश फेंक दो."

डीन, जे आतापर्यंत टेबलाकडे बघत होते, त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, "हे मोजायला यंत्र लागेल." मग माझ्याकडे वळून, "मिस उजाला, तुमचं यंत्र स्टोअरमध्ये नको पाठवायला." त्यांनी थंड झालेला चहा उचलला आणि पिऊन टाकला.

मग पुढचं सगळं काम. नवे काचतुकडे बसवले. अर्धे जुन्या पद्धतीने ब्रशने घासायचे, अर्धे पहाटेच्या दवात मऊ कापडाने पुसायचे. मरियम पाण्याच्या टाकीवर मीटर बसवून घेऊन स्वतः नोंदी तपासायची, अबाया वर खोचून छपराची लोखंडी शिडी चढायची. उन्हाळा गेला, वाळूची वादळं आली, हिवाळ्यातलं धुकं आलं. ठरलेल्या दिवशी नूर खानने तुकडे स्वतः आणून दिले. त्याने लॅब कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "बैठिए, आपके सामने ही देखते हैं."

काच कापली. नवी सुई लावली. एसी बंद केला. तिघंही घामाने निथळत पडद्याकडे बघत बसलो. मधला भाग. पहिली ओळ, दुसरी, दहावी. सपाट. विसावी, पन्नासावी. सपाट. मरियमने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिथे वळ होता. चित्र पूर्ण झालं तेव्हा पडद्यावर सलग साय होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ती मुलगी ओरडली. विद्यापीठाच्या प्रोफेसरने लॅबमध्ये ओरडू नये इतक्या मोठ्याने ओरडली. नूर खानला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण तो आमच्याकडे बघून हसत होता. मी सुई बदलली आणि पुन्हा बघितलं. मग मीसुद्धा ओरडले.

मीटरवरचं पाणी खरोखरच उतरलं होतं, रिपोर्टात आधी लिहिलं होतं त्याहूनही खाली. भाटियासाहेबांनी नव्या रिपोर्टात ते लिहिलं आणि त्याच पानावर, मागच्या रिपोर्टातला दावा चुकीचा होता, हेही छापलं. त्यांच्या लोकांनी ते वाक्य गाळा म्हणून विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. मला फोन करून म्हणाले, "मॅडम, अब कोई पूछे तो छत पे ले जाता हूँ." लॅबला त्यांनी मदत दिली. निवृत्त होताना मी माझ्या खुर्चीवर एका नव्या मुलीला बसवून आले, शारजातच जन्मलेली, चोख मराठी बोलणारी. तिला मी पहिल्या दिवशी फक्त सुई बदलायला शिकवलं. दिवसभर.

मरियमचा शोधनिबंध पाठवायची वेळ आली तेव्हा तिने लेखकांची नावं ठरवायला आम्हाला बोलावलं. तिचं, भाटियासाहेबांचं, माझं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधांत शेवटी आभारात माझं नाव आलं होतं, आज पहिल्यांदा वर आलं. मग ती म्हणाली, "आणि नूर खान. कल्पना त्यांची आहे." नूर खान गडबडला. त्याला वाटलं सही करायची आहे.

नियतकालिकाच्या फॉर्मवर प्रत्येक लेखकापुढे एक रकाना असतो: संस्था आणि विभाग. आमचे भरून झाले. मरियमने मला त्याला विचारायला सांगितलं. मी म्हटलं, "नूर भाई, आपका डिपार्टमेंट क्या लिखें?"

त्याने क्षणभर विचार केला. पाठ ताठ केली आणि म्हणाला, "लिखिए बाजी, प्लेट सफाई, सुबह की शिफ्ट."

तसंच छापून आलंय.